आधी खंदक, मग महाल

औशाचा किल्ला लांबून दिसत नाही. लातूरहून तुळजापूरच्या रस्त्यानं साधारण २० किलोमीटर आलं की औसा लागतं आणि गावात शिरल्यावरही किल्ला कुठे आहे हे कुणाला तरी विचारावंच लागतं. सह्याद्रीतल्या गडांना सरावलेल्या डोळ्यांना हे विचित्र वाटतं. किल्ला म्हणजे डोंगरमाथ्यावरचा, कोसाकोसांवरून दिसणारा, अशी आपली पक्की समजूत. औशाला सगळं उलट आहे. भोवतालची जमीन चढाची आणि किल्ला मधल्या सखल भागात. त्यामुळे आतल्या सर्वांत उंच जागेवरून चहूकडचा मुलूख नजरेत येतो, पण लांबून चाल करून येणाऱ्या फौजेला किल्ल्याचा बराचसा भाग दिसतच नाही. तोफेनं नेम धरावा तर धरायचा कशावर, असा पेच शत्रूपुढे टाकणारी ही बांधणी आहे.

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतले औसा, उदगीर आणि कंधार हे तिन्ही भुईकोट अशाच विचारातून उभे राहिले. तिथे येणारे बहुतेक लोक मात्र दरवाजातून थेट आत जातात, महालांच्या कमानींपुढे फोटो काढतात आणि अर्ध्या-पाऊण तासात परततात. महाल देखणे आहेत, यात शंका नाही. पण महाल कुठल्याही राजवाड्यात असतात. भुईकोटाचा जीव खंदकात असतो, दरवाजांच्या वळणांत असतो, तटाच्या जाडीत असतो. म्हणून हे किल्ले पाहायला जाणाऱ्यानं स्वतःला एकच नियम घालून घ्यावा: आधी वेढा घालायला आलेल्याच्या नजरेनं बाहेरून फिरावं, मग आत जाऊन किल्ला राखणाऱ्याच्या जागी उभं राहावं. एवढं केलं तर पडक्या भिंतीही बोलू लागतात.

तिन्ही किल्ले एकाच फेरीत पाहण्यामागे इतिहासाचंही कारण आहे. बहमनी राज्य मोडकळीला आलं तेव्हा औसा, कंधार आणि उदगीर ही तिन्ही ठाणी कासीम बरीदच्या जहागिरीत होती. पुढे बरीदशाही, आदिलशाही आणि निजामशाहीच्या ओढाताणीत ती पुन्हा पुन्हा हात बदलत राहिली. मग उत्तरेकडून मोगल आले. शाहजहानचा सरदार नसीरी खान यानं १६३१ मध्ये कंधार घेतलं. त्यालाच पुढे खान-ए-दौरान हा किताब मिळाला आणि १६३६ मध्ये उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले त्यानंच वेढा घालून जिंकले. एकाच सेनापतीनं पाच-सहा वर्षांत फोडलेले हे तीन किल्ले एकापाठोपाठ एक पाहिले, तर वेढ्याचं शास्त्र पुस्तकापेक्षा पायांना लवकर कळतं. मोगलांनंतर हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला आणि सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत त्याच्याकडेच राहिला.

जाण्याचा काळ नीट निवडावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. एप्रिल-मे महिन्यांत लातूर-नांदेडचा पारा चाळिशीपार जातो आणि तटावर सावलीचा पत्ता नसतो. काळा दगड दुपारी असा तापतो की हात टेकवत नाही. पावसाळ्यात खंदकाला पाणी येतं, हिरवळ उगवते, फोटो छान येतात, पण पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि कमरेएवढ्या गवतात उघड्या विहिरी, ढासळलेली छतं आणि साप दिसत नाहीत. दिवाळीनंतर गवत वाळलं की तटाची रेषा मोकळी होते आणि पाऊल कुठे टाकतो आहोत ते कळतं. जायचं तर सकाळी लवकर. त्यामागे उन्हाखेरीज आणखी एक कारण आहे, ते शिलालेखांच्या ओघात येईलच.

सोबत पाणी भरपूर घ्यावं, कारण आत ते मिळेल याची खात्री धरू नये. टोपी, जाड तळव्याचे बूट आणि चांगल्या उजेडाची विजेरी हवी. मोबाइलचा उजेड कोठारांच्या आणि तळघरांच्या अंधारात पुरत नाही. जुन्या बुरुजांच्या आडोशाला आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. लहान मुलं बरोबर असतील तर विहीर दिसेल तिथे त्यांचा हात धरावा. अनेक विहिरींना कठडे नाहीत.

औशापासून सुरुवात करणं सोयीचं. इथला किल्ला जवळपास चौरस आहे आणि त्याच्याभोवतीचा खंदक सुमारे १२० फूट रुंद. आता तो बहुतेक कोरडा असतो आणि ठिकठिकाणी बुजलेलाही आहे, पण काठावर उभं राहून पलीकडच्या तटाकडे पाहिलं की त्याची रुंदी अंगावर येते. ज्याला आत शिरायचं आहे त्यानं इथवर शिड्या आणायच्या, खंदकात उतरायचं, वरून बाण, गोळ्या आणि दगड झेलत पलीकडे चढायचं. त्या काळी वेढा घालणारे म्हणूनच घाई करत नसत. ते लांबूनच नागमोडी चर खणत पुढे सरकत, मातीचे उंच दमदमे रचून त्यांवर तोफा चढवत आणि खंदकाचा एखादा भाग माती-फांद्यांनी भरून काढत. खंदकाची रुंदी म्हणजे किल्ल्यानं विकत घेतलेले दिवस होते. आतल्या धान्याची आणि बाहेरच्या सैन्याच्या रसदीची शर्यत त्या दिवसांवर ठरायची.

मग दरवाजाकडे वळावं. औशाच्या एका दरवाजाला लोहबंदी दरवाजा म्हणतात. आत जाताना दोन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. पहिली म्हणजे वाट सरळ नाही. एका दरवाजातून दुसऱ्याकडे जाताना वळावं लागतं आणि त्या वळणावर माणूस दोन्ही बाजूंच्या तटांच्या माऱ्यात येतो. लाकडी दारं फोडायला हत्ती वापरत. हत्तीला धावायला सरळ जागाच मिळाली नाही तर त्याचं बळ वाया जातं. दुसरी म्हणजे दरवाजाच्या आतल्या भिंतीतली अडसराची खोबण. तिथे हात घालून पाहिलं की दार बंद करायला केवढा वासा लागत असे याचा अंदाज येतो. दोन्ही बाजूंच्या देवड्यांत पहारेकरी बसत. त्या देवडीत पाच मिनिटं बसून दरवाजाकडे पाहावं. किल्ल्यातलं कुठलंही दालन पाहण्यापेक्षा ही पाच मिनिटं अधिक शिकवतात.

औशाला पाण्याची व्यवस्था सर्वांत जास्त वेळ देऊन पाहण्यासारखी आहे. वर पाण्याचा साठा आणि त्याच्या खाली दालन अशी रचना असलेला जलमहाल इथे आहे. उन्हाळ्यात खालची हवा गार राहते. विहिरी आणि बारवा तर आहेतच. एप्रिल २०१६ मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावं लागलं होतं. ज्या मुलखात एका दुष्काळात शहराचं पाणी तुटतं, तिथे शेकडो माणसं, घोडी आणि जनावरं घेऊन महिनोन्‌महिने वेढा सोसायचा म्हणजे काय, हे पाणी पाहिल्याखेरीज कळत नाही. दारूगोळा संपला तर तहाची बोलणी लावता येतात. पाणी संपलं तर बोलणी करायलाही अवसर राहत नाही. म्हणून प्रत्येक किल्ल्यात शिरताना पहिला प्रश्न हाच विचारावा: पाणी कुठून यायचं, कुठे साठायचं आणि शत्रूला ते तोडता आलं असतं का?

औशाहून निलंग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खरोशाची लेणी आहेत. जांभ्यात कोरलेली ही लेणी किल्ल्यांच्या कितीतरी आधीची. वाट वाकडी न करता ती पाहून होतात. दुपारच्या जेवणाला निलंग्यात थांबणाऱ्यानं तिथला राईस खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. किल्लारीही औसा तालुक्यातलंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात इथली गावंच्या गावं भुईसपाट झाली. त्या भूकंपाची खूण आजही पुनर्वसित वसाहतींच्या रूपानं दिसते.

उदगीरला जाणारे अनेक जण १७६० ची लढाई शोधत किल्ल्यात येतात. ती तिथे सापडत नाही. ३ फेब्रुवारी १७६० ची लढाई तटाआड झालीच नाही, ती झाली मोकळ्या मैदानात. हैदराबादचा निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांची फौज उदगीरहून निघून धारूरच्या दिशेनं सरकत होती. सदाशिवरावभाऊंच्या सैन्यानं तिला वाटेत, औशाच्या बाजूला गाठलं. मराठ्यांच्या बाजूनं इब्राहिमखान गारदी होता. फ्रेंच पद्धतीची कवायत आणि तोफखाना तो निजामाच्या चाकरीतच शिकला होता आणि तेच तंत्र आता निजामावर उलटलं. तहात निजामाला सुमारे ६० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख सोडावा लागला. त्यात दौलताबाद, अशीरगड, विजापूर आणि बुऱ्हाणपूर ही नामांकित ठिकाणं होती.

म्हणून उदगीर नीट पाहायचं असेल तर औसा ते उदगीर हा रस्ताही किल्ल्याइतकाच महत्त्वाचा आहे. खिडकीतून बाहेर पाहत जावं. काळी, सपाट, मधूनच हलकासा चढउतार घेणारी ही जमीन. इथे घोडदळाला अडवणारं काही नाही आणि लपायलाही काही नाही. दोन भुईकोटांमधल्या उघड्या पट्ट्यात मोठी फौज बाजारबुणग्यांसकट सापडली की तिची काय अवस्था होत असेल, हे या रस्त्यावर डोळ्यांना दिसतं. भाऊंना हा विजय फार काळ भोगता आला नाही. १० जानेवारीला यमुनेकाठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. ती बातमी दक्षिणेत पोचली आणि मार्चमध्ये भाऊ आणि विश्वासराव पडतूरहून उत्तरेकडे निघाले. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. उदगीरच्या विजयी फौजेतली किती माणसं तिथून परत आली नाहीत, हा विचार मनात घेऊन उदगीरच्या दरवाजात उभं राहावं.

खुद्द किल्ल्यात पहिली नजर खंदकावर जावी. तो सुमारे ४० फूट खोल आहे. औशाचा खंदक रुंदीनं शत्रूला अडवतो, उदगीरचा खोलीनं. दोन्ही पाहिले की बांधणाऱ्यांनी जागेप्रमाणे उपाय कसा बदलला ते ध्यानात येतं. आत महाल आणि दरबाराची दालनं आहेत, फारसी शिलालेख आहेत, आणि जमिनीच्या पातळीखाली बरंच खोल उदयगीर महाराजांचं समाधिस्थान आहे. हे जागतं श्रद्धास्थान आहे. लोक दर्शनाला येतात, तेव्हा पादत्राणं बाहेर ठेवावीत, आवाज खाली ठेवावा आणि पूजा चालली असेल तर कॅमेरा पिशवीत घालावा. किल्ला निर्जन नाही, ही गोष्ट उलट आनंदाची मानावी. जिथे माणसांची ये-जा असते तिथे दगड चोरीला जात नाहीत.

उदगीरला रेल्वेनंही जाता येतं. लातूर रोड ते विकाराबाद या मार्गावर ते स्टेशन आहे. एप्रिल २०२२ मध्ये ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, तेव्हा राज्यभरच्या वाचकांना या गावाची वाट कळली. शेजारचा देवणी तालुका त्याच नावाच्या गोवंशासाठी प्रसिद्ध आहे, आणि पुढचं कंधार लाल कंधारीसाठी. या भागातला शेतकरी किल्ल्याच्या तारखा सांगणार नाही कदाचित, पण बैलाच्या रंगावरून आणि शिंगांवरून तो कुठल्या मुलखाचा हे बरोबर सांगेल.

कंधारला मात्र अख्खा दिवस राखून ठेवावा. तिन्हींत हाच किल्ला सर्वांत जुन्या मुळांचा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याचा शिलालेख कंधारला मिळाला आहे, म्हणजे दहाव्या शतकात हे मोठं नगर होतं. गावाजवळचा जगत्तुंग सागर हा जलाशय राष्ट्रकूटांची आठवण सांगतो. क्षेत्रपालाच्या एका अतिप्रचंड मूर्तीचे तुकडे इथे सापडले आहेत. नुसत्या पावलांच्या अवशेषांवरून उभ्या मूर्तीची उंची मनात मोजताना मान आपोआप वर जाते. मूर्तीचे हे अवशेष पाहूनच किल्ल्यात शिरावं. त्यानं एक गोष्ट होते: किल्ला सुलतानांच्या काळात सुरू झाला, हा गैरसमज आत जाण्यापूर्वीच गळून पडतो.

मन्याड नदीजवळचा हा भुईकोट पाण्यानं वेढलेला आहे. खंदकात पाणी असलेला किल्ला काय असतो, हे औसा आणि उदगीरला कल्पनेनं पाहावं लागतं. इथे ते डोळ्यांनी दिसतं. दुहेरी तट आहे. बाहेरच्या तटापेक्षा आतला उंच, म्हणजे दोन्हींवरून एकाच वेळी मारा करता यावा आणि बाहेरचा पडला तरी शत्रू दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या पट्टीत अडकावा. त्या पट्टीतून एकदा चालावं. वर मान करून पाहिलं की दोन्हीकडून आपल्यावर रोखलेल्या जंग्या, म्हणजे मारा करण्याची भोकं, दिसतात. आत शिरलेल्या शिपायाला शेवटचं काय दिसलं असेल, ते तिथे कळतं.

आता १६३१ चा वेढा. कंधार तेव्हा निजामशाहीच्या ताब्यात होतं. मलिक अंबर जाऊन पाच वर्षं झाली होती आणि दक्षिणेत १६३० पासूनचा भयंकर दुष्काळ चालू होता. अशा दिवसांत नसीरी खान सुमारे साडेचार महिने या खंदकाबाहेर बसून होता. खंदकाखालून भुयारं खणून, त्यांत दारू ठासून, सुरुंग लावून तट फोडण्याचा मार्ग त्यानं धरला. सुरुंग पेटले, भिंतीला खिंडारं पडली, आतले पुन्हा उभे राहिले, असं बरेच दिवस चाललं आणि शेवटी किल्ला पडला. या वेढ्याचं चित्र आज उपलब्ध आहे. शाहजहानच्या दरबारी इतिहासाची, म्हणजे पादशहानाम्याची, सचित्र प्रत इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजसंग्रहात आहे आणि तिच्यात पयाग या चित्रकारानं कंधारचा वेढा रंगवला आहे. संग्रहाच्या संकेतस्थळावर ते पाहायला मिळतं. जाण्याआधी ते जरूर पाहावं, मोबाइलमध्ये साठवून न्यावं आणि खंदकाच्या बाहेरच्या काठावर उभं राहून पुन्हा उघडावं. चित्र शोधताना एवढं लक्षात ठेवावं की अफगाणिस्तानातल्या कंदाहारसाठीही शाहजहानच्या फौजा लढल्या होत्या आणि ग्रंथसूचींमध्ये दोन्ही नावं एकमेकांत मिसळतात. आपलं कंधार ते दक्षिणेतलं, १६३१ सालचं.

ज्या मुलखातल्या किल्ल्याचं चित्र जगातल्या मोठ्या संग्रहात मानानं ठेवलं आहे, त्या मुलखातल्या शाळकरी मुलांना मात्र ते कधी दाखवलं जात नाही. नांदेड-लातूरच्या शिक्षकांनी कंधारची सहल काढावी ती या चित्राची मोठी प्रत बरोबर घेऊनच. मुलांचे दोन गट करावेत, एकानं वेढा घालायचा, दुसऱ्यानं किल्ला राखायचा. कुठे तोफ ठेवाल, पाणी कसं तोडाल, रात्री पहारा कुठे वाढवाल, एवढे तीन प्रश्न दिले की मुलं दुपारपर्यंत तटावरून खाली यायला तयार होत नाहीत.

तोफा आणि शिलालेख यांच्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्यासमोर लोक थांबतात पण पाहत नाहीत. तोफेजवळ गेल्यावर आधी ती ओतीव आहे की घडीव, हे ठरवावं. लोखंडाच्या पट्ट्या जोडून त्यांवर कडी चढवलेली तोफ असेल तर अंगावर बांगड्यांसारखे वेढे स्पष्ट दिसतात. तांब्या-कथलाच्या मिश्रणाची, जिला लोक सरसकट पंचधातूची म्हणतात, ती एकसंध ओतलेली असते, आणि बहुधा तिच्या तोंडाशी किंवा कानांवर नक्षी असते. औशाच्या बुरुजांवर अशा तोफा अजून आहेत. मग बत्ती देण्याचं छिद्र शोधावं, तोफेच्या मागे उभं राहावं आणि ती कुठल्या दिशेला रोखलेली आहे ते पाहावं. बुरुजावर तोफ फिरवण्याची गोल जागा शाबूत असेल तर तिचा टप्पा किती दिशांना पोचत होता ते ताबडतोब ध्यानात येतं. या मुलखातल्या तोफांचा कारभार किती दूरवरच्या कारागिरांशी जोडलेला होता, याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे मलिक-ए-मैदान. १५४९ मध्ये अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमी या तुर्की उस्तादानं ती ओतली, पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये आदिलशाहीतल्या मुरारपंतांनी ती विजापूरला नेली. सुमारे ५५ टनांची ती तोफ आजही विजापूरच्या बुरुजावर आहे. परंडा औशापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, आणि भुईकोटाची बांधणी इतक्या चांगल्या अवस्थेत मराठवाड्यात क्वचितच दुसरीकडे दिसते.

सकाळी लवकर जावं, असं वर सुचवलं ते शिलालेखांसाठीही; ते सकाळी किंवा संध्याकाळी पाहावेत. ऊन तिरपं असलं की उठावाच्या अक्षरांना सावली पडते आणि मजकूर दगडातून वर येतो. भर दुपारी तोच दगड कोरा वाटतो. लेखावर खडू, चुना, पाणी, तेल काहीही लावू नये. फोटो काढताना विजेरी बाजूनं धरली की पुरतं. लेख फारसी किंवा अरबी असेल तर जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास किंवा उर्दू विभागात फोटो दाखवावा. या गावांत जुनी दख्खनी बोलणारी आणि हे लेख उलगडू शकणारी माणसं अजून आहेत.

जतनाचा विषय टाळून किल्ल्यांविषयी लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. मराठवाड्यातला एकही नाही. त्या यादीची कसोटी वेगळी होती, हे मान्य. पण त्यामुळे लक्ष आणि पैसा दोन्ही सह्याद्री आणि कोकणाकडे जाणार आणि भुईकोटांकडे आणखी दुर्लक्ष होणार, ही भीती खोटी नाही. राज्य सरकारच्या महाराष्ट्र वैभव योजनेखाली नळदुर्गचा किल्ला देखभालीसाठी खासगी संस्थेकडे दिला गेला, तिथे स्वच्छता आणि सोयी वाढल्या. असा प्रयोग कंधार आणि उदगीरला का होऊ नये, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारण्यासारखा आहे.

जतन म्हणजे नवं करून टाकणं नव्हे, हेही पाहणाऱ्यानं ओळखायला शिकावं. फ्रान्समध्ये वेर्दां शहराजवळ दुओमाँचा किल्ला आहे. पहिल्या महायुद्धात २५ फेब्रुवारी १९१६ ला तो जर्मनांनी घेतला आणि २४ ऑक्टोबरला फ्रेंचांनी परत जिंकला. त्याच वर्षी ८ मे रोजी आत झालेल्या स्फोटात मेलेल्या शेकडो जर्मन सैनिकांना आतल्याच दालनात ठेवून भिंत बांधून टाकली गेली. आज तिथे जाणाऱ्याला ओलसर बोगदे, गंजलेल्या तोफा आणि गोळ्यांनी खड्डे पडलेला माथा जसाच्या तसा दिसतो. जखमा बुजवलेल्या नाहीत. आपल्याकडे मात्र डागडुजी म्हटलं की सिमेंट येतं. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंट लावलं की आतला ओलावा कोंडतो आणि दगडाचा पृष्ठभाग सुटू लागतो. चुन्याचाच मसाला वापरून केलेलं काम टिकतं. भिंतीत जिथे दगडांचा आकार किंवा थरांची ओळ अचानक बदलते तिथे थांबून पाहावं. ती जुन्या दुरुस्तीची जागा असते आणि कधी कधी पडलेल्या खिंडाराचीही.

पाहुण्याकडून फार काही अपेक्षित नाही. तटावर नाव कोरणं हा कायद्यानं गुन्हा आहे, ते सांगावं लागू नये. तोफेवर मुलांना बसवून फोटो काढू नयेत. तटाचा सुटलेला दगड ‘आठवण’ म्हणून उचलू नये. भिंतीतून पिंपळ उगवलेला दिसला तर तो ओढून काढायला जाऊ नये, मूळ दगडासकट येतं. फोटो काढून पुरातत्त्व खात्याच्या माणसाला दाखवावा. किल्ल्यावरचा पहारेकरी हा बहुधा एकटाच सगळं सांभाळत असतो. त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. कुठल्या बुरुजाची पायरी हलते, कुठे मोहोळ बसलं आहे, कुठला दरवाजा किती वाजता बंद होतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

फेरीची आखणी अशी करता येते. मुक्काम लातूरला करावा, सकाळी औसा, दुपारी खरोसा आणि निलंगा, संध्याकाळपर्यंत उदगीर. दुसऱ्या दिवशी सकाळी उदगीरचा किल्ला, मग मुखेडच्या वाटेनं कंधार, आणि तिसरा दिवस कंधारसाठी. एसटीनं हे सगळं होतं, पण कंधारला वेळ हाताशी हवा असेल तर स्वतःचं वाहन बरं. कंधार गावात हाजी सय्याह यांचा प्रसिद्ध दर्गा आहे. उरुसाच्या दिवसांत गर्दी असते, आणि तीही पाहण्यासारखी. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात निघणारे नांदेड-लातूर रस्त्यावरच्या माळेगावची खंडोबाची यात्रा गाठू शकतात. लाल कंधारी आणि देवणीचे उत्तम बैल-वळू तिथे एकत्र दिसतात, पण त्या दिवसांत लोहा आणि आसपास खोल्या मिळणं कठीण.

कंधारहून नांदेड सुमारे ५० किलोमीटर. तिथे गोदावरीच्या काठी नंदगिरी किल्ला आहे. त्याचे अवशेष थोडे आहेत, तासाभरात पाहून होतात. गुरुद्वाऱ्याच्या मोठ्या उत्सवांच्या दिवसांत, विशेषतः दसरा आणि होळीच्या सुमाराला, नांदेडला राहण्याची सोय महिनाभर आधी करून ठेवावी. माहूरचा गड याच फेरीत कोंबू नये. तो डोंगरी किल्ला आहे, नांदेडपासून लांब आहे, आणि रेणुकामातेच्या दर्शनासह तो पाहायला वेगळे दोन दिवस लागतात. नवरात्र आणि पौर्णिमा टाळून गेलं, तर तटाच्या कडेनं पूर्ण फेरी मारायला निवांतपणा मिळतो.